एक बिल्ला, तीस बायका

आमच्या घरी संदेष्ट्यांचा राबता फार. माझे वडील शिरूरच्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. जेवताना ते शास्त्रातल्या त्या दाढीवाल्या माणसांबद्दल असं बोलायचे, की वाटावं, ही मंडळी कालच निमोण्याच्या एसटीतून उतरून आमच्या ओट्यावर पाणी पिऊन गेली. कुणी मेंढरं राखणारा, कुणी मानेवर लाकडी जू घेऊन बाजारातून फिरणारा, कुणी भर चौकात मडकं फोडून लोकांना धाक घालणारा. भाकरीचा तुकडा कालवणात बुडवता बुडवता बाबा थांबायचे आणि डोळे मोठे करून म्हणायचे, "काय धाडस बघ, सुलोचना! राजाला तोंडावर सांगितलं, तू गरिबांना चिरडतोस म्हणून!" आई शांतपणे त्यांच्या ताटात आणखी कालवण वाढायची. "खरंय. आता तुम्ही उद्या दूधवाल्याला तोंडावर सांगा, पाणी जरा कमी घाल म्हणून." दुसऱ्या दिवशी दूधवाला यायचा, बाबा त्याच्या म्हशीची तब्येत विचारायचे, आणि आम्ही तेच निळसर दूध पुढे वर्षभर प्यायचो.

बाबांचा राग खरा होता, पण तो नेहमी अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांवर असायचा. समोरच्या माणसावर रागवायची वेळ आली की त्यांना खोकला यायचा. मंडळीतल्या लोकांना ते फार आवडत, याचं निम्मं कारण तो खोकला होता, असं मला आता वाटतं.

देवळाला लागून पाळकाचं घर होतं. पत्र्याचं छप्पर, दोन खोल्या, पुढे ओटा, मागे शेवग्याचं झाड. आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणत, मीही तेच म्हणते. देवळात एक पायपेटी होती. तिचा भाता इतक्या ठिकाणी फाटला होता की बाबांनी त्याला सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले होते. ती मी वाजवायची. तिसऱ्या कडव्याला एखादा तुकडा सुटायचा आणि पेटी सुस्कारे टाकायला लागायची. मग सुराची सगळी जबाबदारी रुथमावशी उचलायची. रुथमावशी ही विधवा बाई आमच्या मागच्या गल्लीत राहायची. ताल तिला ठाऊक नव्हता आणि सुराशी तिचं जुनं भांडण होतं, पण आवाज असा की एसटी स्टँडवरच्या कंडक्टरनं वळून बघावं. रविवारी आई पहाटेच मटण शेगडीवर चढवून उपासनेला यायची. प्रवचन तीस मिनिटांत संपलं तर मटण मऊ व्हायचं, चाळीस मिनिटं झाली तर त्याचा वास खिडकीतून आत यायचा आणि पुरुषमंडळी हलायला लागायची. त्याच्या पुढे गेलं तर आई पहिल्या बाकावरून बाबांकडे बघायची. तेवढं पुरे असायचं.

आई दौंडची. तिचे वडील रेल्वेत होते, आणि या दोन गोष्टी ती कधी कुणाला विसरू द्यायची नाही. दौंडला देवळात उंच खिडक्या होत्या, दौंडला पाणी यायचं, दौंडला मोठ्या मोठ्या गाड्या थांबायच्या. बदली होत होत तिनं सात गावांत सात चुली मांडल्या होत्या, आणि प्रत्येक चुलीपाशी बसून तिनं दौंडची आठवण काढली होती. "एकदा तरी तिकडं बदली मागा हो," असं ती म्हणायची. बाबांना खोकला यायचा.

आमच्या मंडळीत मोठा माणूस एकच, दानियलआप्पा. गोरा, भरदार, पांढरा सफारी, गडगडाटी हसू. सणसवाडीत तेव्हा कारखाने नुकतेच उभे राहू लागले होते आणि आप्पा तिथल्या एका कारखान्याला कामगार बायका पुरवायचे. त्यांची निळी मॅटाडोर रोज सकाळी सहाला शिरूरच्या चौकात उभी राहायची. त्यात आमच्या मंडळीतल्या बायका असायच्या, भीमनगरातल्या असायच्या, निमोण्याकडून पायी येऊन चढणाऱ्याही असायच्या. आप्पांना मी वाईट माणूस म्हणून रंगवायला बसलेले नाही. देवळाचे लाऊडस्पीकर त्यांनी दिले, बाक त्यांनी दिले, कुणाच्या घरी मयत झाली तर पहिली गाडी त्यांची यायची. मला ते "आमची मास्तरीण" म्हणायचे, मी मास्तरीण व्हायच्या कितीतरी आधीपासून. मी पुढं खरंच शाळेत शिकवलं आणि आता निवृत्तही झाले. तेव्हा त्यांच्या बाकीच्या गोष्टींबद्दल काहीही असो, भविष्य त्यांना बरं दिसायचं.

त्या वर्षी आप्पांनी देवळाला सगळ्यांत मोठी भेट द्यायचं जाहीर केलं, ती म्हणजे संडास. हसू नका. आमच्या देवळाला फार जुनी घंटा होती, पण संडास नव्हता. पुरुष भिंतीमागच्या बाभळीकडे जाऊन यायचे. बायका मात्र घरून निघाल्यापासून घरी परतेपर्यंत नुसत्या बसून राहायच्या. आई आणि रुथमावशी कमिटीपुढे चार वर्षं हे मागत होत्या आणि कमिटीतले पुरुष चार वर्षं वर आढ्याकडे बघत होते. आप्पांनी एका झटक्यात होकार दिला. विटा आल्या, फरशी आली, पाण्याची टाकी आली. दारावर लावायला त्यांच्या वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी आली, ती दारापेक्षा रुंद निघाली. शेवटी गवंड्यानं पाटी शेजारच्या भिंतीत बसवली आणि दार त्या पाटीचं शेपूट असल्यासारखं दिसायला लागलं.

माझी बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. आप्पा ओट्यावर बसून चहा पिता पिता म्हणाले, "पाळकसाहेब, पोरगी घरी बसून काय करतीय? पाठवा माझ्या गाडीत. महिनाभर पॅकिंगला बसू दे, हाताला वळण लागंल." मला तर आनंदच झाला. मॅटाडोरमध्ये बायका गाणी म्हणायच्या, डब्यातल्या चटण्या एकमेकींना चाखवायच्या, शिक्रापूरच्या वळणावर सगळ्या एकदम एका बाजूला कलंडायच्या आणि किंचाळायच्या. (आज त्या वळणावर कलंडायला गाडी हलावी तर लागते. मागच्या आठवड्यात मी तिथं ट्रकांच्या मागे इतका वेळ उभी होते की पाव किलो शेंगा सोलून संपल्या.) कारखान्यात आम्ही औषधाच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवायचो आणि खोक्यात भरायचो. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना मिळून तीस बायका, टोकाला सुपरवायझर. त्याच्यामागे भिंतीवर एक खिळा आणि खिळ्याला पितळेचा एक बिल्ला.

हा बिल्ला ही आप्पांची स्वतःची कल्पना, आणि त्यांना तिचा अभिमान होता. ज्या बाईला बाहेर जायचं असेल तिनं उठून बिल्ला मागायचा, जाऊन यायचं, बिल्ला परत खिळ्याला लावायचा. बिल्ला खिळ्यावर नसेल तर कुणीही जागचं उठायचं नाही. तीस बायका, बिल्ला एक. शिवाय मागायला गेलं की सुपरवायझर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "आत्ताच तर गेली होतीस ना गं?" पहिल्या दिवशी मी जेवताना तांब्याभर पाणी प्यायले. रुथमावशी माझ्या शेजारीच बसायची. तिनं माझ्या हातातला तांब्या काढून घेतला.

"एवढं पाणी पिऊ नगं, पोरी. नुसते ओठ ओले कर."

"का गं मावशी? केवढं गरम होतंय."

"सांजच्याला कळंल का ते," ती म्हणाली आणि हसली.

मला संध्याकाळच्या बरंच आधी कळलं. वयात आलेल्या मुलीची त्या टेबलावर काय अवस्था होत असेल ते इथं सविस्तर लिहीत नाही, बायकांना ते ठाऊक आहे आणि पुरुषांना विचार करू दे. सांगायचं एवढंच, की त्या तीस बायका दिवसभर जवळपास पाणीच पीत नसत. उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याची शेड. एकीला सारखा ताप यायचा, एकीच्या पोटात कळा यायच्या, आणि सगळ्या त्याला "उष्णता झाली" म्हणायच्या. रुथमावशी तर महिनाभर देवळात गायलीच नव्हती. आम्ही समजत होतो, तिला अखेर आपला आवाज ऐकू आला. खरं कारण असं होतं, की श्वास भरून घेतला की तिच्या कमरेत चमक निघायची.

एका दुपारी बिल्ला माझ्याकडे होता. मी परत आले, रुथमावशीची पाळी होती. मी बिल्ला तिच्यापुढे धरला, ती उठली, माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तशीच खाली कोसळली. तिच्या साडीचा काठ ओला झाला होता. ते लपवायला भीमनगरच्या दोघी तिच्यापुढे आपले पदर धरून उभ्या राहिल्या. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी गाडी आणा म्हणून ओरडलं. तिला दवाखान्यात नेलं. त्या गडबडीत सुपरवायझर टेबलाखाली वाकून बिल्ला शोधत होता. तो सापडला नाही, म्हणून उरलेला दिवस कुणालाच उठता आलं नाही. संध्याकाळी मॅटाडोरमध्ये मी मूठ उघडली तेव्हा बिल्ला तळहातात रुतून बसला होता.

रुथमावशीच्या मूत्रपिंडाला सूज आली होती. चार दिवसांनी ती चौकात येऊन उभी राहिली, तर तिच्या जागी दुसरी बाई घेतली होती. आप्पा तिला समजावून म्हणाले, "आजारी माणसाला लाइनीवर बसवून मी पाप कशाला घेऊ, रुथबाई? आराम करा तुम्ही." ती घरी परत आली. मीही त्या दिवसापासून गाडीत चढले नाही.

मी बिल्ला बाबांच्या चहाच्या बशीशेजारी ठेवला आणि सगळं सांगितलं. बाबा ऐकत होते, त्यांचा चहा गार होत होता. आई दारात उभी होती. मी थांबले तेव्हा बाबांनी चप्पल घातली. "आप्पांना विचारून येतो," ते म्हणाले. आवाजात असं काही होतं की मला वाटलं, आज होणार. दीड तासानं बाबा परत आले, हातात पिशवी होती आणि पिशवीत आंबे.

"काय म्हणाले?" आईनं विचारलं.

"शिस्तीचा प्रश्न आहे म्हणाले. तीस बायका एकदम उठल्या तर लाइन बंद पडते." बाबांनी पिशवी खाली ठेवली. "झाडाचे आहेत. पायरी आहे बहुतेक."

आईनं ती पिशवी तशीच्या तशी उचलून आंबे रुथमावशीच्या घरी पोचते केले. आल्यावर ती एकच वाक्य बोलली. "तुमच्या त्या दाढीवाल्यांना पण राजानं आंबे दिले असते, तर शास्त्र केवढंसं राहिलं असतं."

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन दौंडच्या एसटीत बसले. तिथं एक म्हातारे निवृत्त पाळक राहायचे. सगळे त्यांना आबा म्हणत. बाबा त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. आबांचं घर रुळांना इतकं चिकटून होतं की गाडी जाताना कपाटातली भांडी बोलायला लागायची. त्यामुळे त्यांना एक सवय लागली होती. गाडी आली की ते वाक्याच्या मध्येच थांबत, शेवटचा डबा जाईपर्यंत डोळे मिटून बसत, आणि मग त्याच शब्दापासून पुढं सुरू करत. बाबांनी सगळं सांगितलं. रुथमावशीचं सांगितलं, बिल्ल्याचं सांगितलं. आप्पा कमिटीचे प्रमुख आहेत, येत्या रविवारी संडासाचं उद्घाटन आहे, पुण्याहून वरच्या ऑफिसातले दोन पाहुणे येणार आहेत, हेही सांगितलं.

आबांनी विचारलं, "संदेष्ट्यांवर आजवर किती प्रवचनं केलीस?"

बाबांनी मनात मोजली. "अकरा तरी केली असतील."

"बरं. आणि त्या अकरांमधे कुणी एकदा तरी..." मालगाडी आली. आबांनी डोळे मिटले. मी डबे मोजायला लागले आणि नाद सोडून दिला. बाबा गुडघ्यावर हात ठेवून पुढे वाकून बसले होते, वर्गात उत्तराची वाट बघणाऱ्या पोरासारखे. शेवटचा डबा गेला. "...चिडून उठून गेलं का?"

"नाही आबा. लोकांना आवडतात."

"मग ती संदेष्ट्यांवर नव्हती," आबा म्हणाले आणि आतल्या सुनेला चहा टाकायला सांगितलं.

निघताना बाबांनी दारातूनच विचारलं, की प्रवचनात नेमकं काय बोलू. आबा म्हणाले, "बोलण्याचं एवढं काय घेऊन बसलास? त्या माणसांचं बोलणं कोण ऐकत होतं? म्हणून तर जू घातलं, मडकी फोडली." घरी आल्यावर त्यांनी आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मला बाजारात पाठवलं, लिंबं आणायला. शंभर.

रविवारी देऊळ भरून गेलं. पाहुणे पुढच्या बाकावर, त्यांच्या शेजारी आप्पा, नव्या सफारीत. बाहेर मांडवात आईनं सरबताचं मोठं पातेलं मांडलं होतं आणि ती स्वतः पेले भरत होती. "घ्या ना आप्पा, आणखी एक. ऊन किती आहे." "पाहुण्यांनी एकच घ्यायचा नसतो हो आमच्यात." आप्पांना साखरेचा आजार होता. आईनं त्यांच्यासाठी मुद्दाम बिनसाखरेचं, मीठ घातलेलं वेगळं केलं होतं. त्या मायेनं ते इतके विरघळले की तीन पेले प्यायले.

दुसरं गीत झालं आणि बाबा उभे राहिले. पांढरा झगा, हातात कागद. "प्रवचनाआधी एक सूचना," ते म्हणाले. खोकला आला. त्यांनी तो गिळला. मी पेटीवरून ते स्पष्ट पाहिलं. "आप्पांच्या कृपेनं देवळाला सोय झाली आहे. औपचारिक उद्घाटन शेवटी, पण सोय आत्तापासून खुली आहे. बाभळीकडे आज कुणी जाऊ नये. नियम एकच आहे." आणि झग्याच्या खिशातून बिल्ला काढून त्यांनी तो व्यासपीठाच्या खिळ्याला लावला. "हा बिल्ला. सगळ्या मंडळीला मिळून एक. ज्याला जायचं असेल त्यानं इथं येऊन मागायचा, परत आणून लावायचा. खिळा रिकामा असेल तोवर बाकीच्यांनी थांबायचं. लहान मुलांना आणि आजाऱ्यांना माफ आहे. आज उपासना जरा लांबेल."

लोक हसले. पाळकसाहेब कधी नव्हे ते विनोद करताहेत, असं त्यांना वाटलं. आप्पा हसले नाहीत. त्यांनी तो बिल्ला लांबूनच ओळखला होता.

बाबांनी प्रवचन सुरू केलं. त्या मेंढरं राखणाऱ्या माणसापासूनच सुरू केलं, पण या खेपेला तो माणूस अडीच हजार वर्षं मागे थांबला नाही. तो सरळ सणसवाडीला आला, पत्र्याच्या शेडमध्ये शिरला आणि टेबलाशी उभा राहिला. बाबांनी आप्पांचं नाव घेतलं नाही, कारखान्याचंही घेतलं नाही. फक्त सांगितलं, की अशा टेबलाशी बाई दिवसभर तहानलेली का बसते. एवढ्यात पाहुण्यांपैकी एक उठले, अवघडून बिल्ला मागून घेऊन गेले. बाबा थांबले आणि विचारलं, "किती वेळ लागेल, साहेब?" सबंध देऊळ ऐकत होतं. ते परत यायच्या आत तिघेजण भिंतीला टेकून उभे होते, मग पाच झाले. बाक करकरायला लागले. मोठमोठी माणसं पायावर पाय टाकून खिडकीबाहेर बघत होती. बायका मात्र निवांत. त्यांना सवय होती, आणि त्यांच्यातल्या बऱ्याचजणींनी आईकडे एकदा बघून सरबताला हातच लावला नव्हता.

आप्पा किती वेळ बसले असतील कुणास ठाऊक. कपाळावर घाम, रुमाल ओला. एक मांडी हलत होती, मग दोन्ही. आज मी स्वतः त्या वयाची झाले आहे, त्या आजाराचीही झाले आहे, आणि खरं सांगते, तेव्हा मला जेवढी गंमत वाटली तेवढी आता वाटत नाही. शेवटी ते उठले आणि रांगेशी आले. एकजण बिल्ला घेऊन बाहेर गेला होता. रांगेत पुढे एकटीच उभी होती, रुथमावशी. तिला आजारी म्हणून माफ होतं, पण ती उभी होती. बाहेर गेलेला माणूस परत आला, त्यानं बिल्ला तिच्या हातात दिला. तिनं मागे बघितलं. आप्पांचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं बिल्ला त्यांच्यापुढे धरला.

"तुम्ही जावा आधी, आप्पा," ती म्हणाली. "मला सवय हाय."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच त्यांची दया आली होती. तिचा तो एसटी स्टँडपर्यंत जाणारा आवाज, हळू बोलली तरी शेवटच्या बाकापर्यंत गेला. बाबांच्या हातात अजून दोन पानं होती, ती त्यांनी घडी करून खिशात ठेवली.

आप्पा बिल्ला घेऊन गेले. थोड्या वेळानं बाहेर मॅटाडोर सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला. बिल्ला त्यांच्याबरोबरच गेला होता. बाबा म्हणाले, "बिल्ला गेला. आता नियम नाही," आणि जी झुंबड उडाली ती आवरायला मला पेटीवर तीन गीतं वाजवावी लागली. उद्घाटन करायचं राहूनच गेलं.

पुढचं सगळं काही इतकं गमतीचं नव्हतं. वरच्या ऑफिसातून बाबांना पत्र आलं, उपासनेची थट्टा केल्याबद्दल खुलासा मागणारं. आप्पांनी देवळात यायचं बंद केलं. बुधवारी बाबा झगा घालून सणसवाडीला गेले, बरोबर आई, रुथमावशी, भीमनगरच्या दोघी आणि निमोण्याच्या चारजणी. गेटवर दोन तास उभं राहिल्यावर मॅनेजर बाहेर आला. "हमको तो पता ही नहीं था, पादरीजी. ये सब ठेकेदार का सिस्टम है." बाबांनी रात्रभर हिंदी घोकली होती. ते म्हणाले, "आप को पता होनी चाहिए था." व्याकरण कसंही असलं तरी त्यांना खोकला आला नाही. भीमनगरची एक बाई पुढं होऊन म्हणाली, "आता समजलं न्हवं? मग उद्यापास्नं बघा." पंधरा दिवसांत खिळा निघाला. बायकांसाठी आणखी दोन संडास झाले आणि टेबलाशेजारी पाण्याचा माठ आला.

रुथमावशीला मात्र परत घेतलं नाही. आप्पांचा तेवढा हट्ट शेवटपर्यंत राहिला. ती एका वसतिगृहात भाकरी करायला लागली, आणि ज्यांच्यासाठी सगळं झालं त्यांच्यात ती एकटीच बाहेर राहिली, हे मला आजही सलतं. गाणं मात्र तिनं पुन्हा सुरू केलं.

नाताळला आप्पा आले. सगळ्यांत मागच्या बाकावर बसले. उपासना संपल्यावर बाबांपाशी येऊन म्हणाले, "सलाम, पाळकसाहेब. हे मला खासगीत सांगायला पाहिजे होतं तुम्ही."

"खासगीतच आलो होतो, आप्पा. तुम्ही आंबे दिलेत."

आप्पांना ते गडगडाटी हसू आलं, पण अर्ध्यातच थांबलं. त्यांनी बाबांचा हात दाबला आणि ते गेले.

त्या रविवाराला वर्ष व्हायच्या आत बदलीचा कागद आला. शिक्षेची बदली होती, तसं पत्रात लिहिलेलंही होतं, सभ्य शब्दांत. बाबांनी तो कागद आईपुढे धरला आणि ते अपराध्यासारखे उभे राहिले. आईनं वाचला, पुन्हा वाचला, आणि मी तिला आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला सगळ्यांदेखत मिठी मारताना पाहिलं. बदली दौंडला होती.

सामान टेम्पोनं पुढं गेलं आणि आम्ही तिघं एसटीनं निघालो. आईला खिडकी मिळाली होती आणि ती प्रत्येक गाव ओळखीच्या माणसासारखं बघत होती. मी बाबांना विचारलं, जे मला वर्षभर विचारायचं होतं. त्या रविवारी खोकला आला तेव्हा तुम्हाला भीती नाही का वाटली?

"वाटली ना," बाबा म्हणाले. मग त्यांनी आईकडे एकदा बघून घेतलं, माझ्या कानाशी वाकले आणि इतक्या हळू बोलले की गाडीच्या आवाजात मला नीट ऐकायला त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवावं लागलं.

"पण एक सांगतो, कुणाला बोलू नकोस. उपासनेच्या आधी, कुणी यायच्या आत, मी एकटा जाऊन आलो होतो. सगळ्यांना बसवून ठेवलं आणि स्वतः मात्र मोकळा." ते सरळ बसले, हात मांडीवर ठेवले. "तेवढा एक अन्याय माझ्याही हातून झाला, करुणा."